क्लच जड झालाय? आधी केबल सोडा

जुन्या स्कूटरला नवा, ‘पॉवरवाला’ क्लच बसवून घेतला आणि आठवडाभरात डावं मनगट ठणकायला लागलं, ही तक्रार उरणच्या गॅरेजांत नवी नाही. चेतक, सुपर, प्रिया किंवा एलएमएल वेस्पा हौसेने सांभाळणारे लोक इथे बरेच आहेत, आणि त्यांना रोज जो रस्ता मिळतो तो क्लचची परीक्षा पाहणाराच आहे. करळ फाट्यापासून जासई-गव्हाणपर्यंत न्हावा-शेवा बंदराचे ट्रेलर पुढे असतात. पहिला गिअर, न्यूट्रल, पुन्हा पहिला. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे स्कूटरवाल्याच्या नशिबी जुनाच रस्ता. अशा रस्त्यावर क्लच लिव्हर दगडासारखा लागत असेल तर हौस फार दिवस टिकत नाही.

यावर सहसा दोनच उपाय सुचवले जातात. एक, “सवय होईल.” दोन, “क्लच परत उघडू.” दोन्ही घाईचे आहेत. क्लच उघडण्याआधी अर्ध्या तासात, एक-दोन पान्यांनी आणि एक पैसाही न खर्चता दोष कुठे आहे ते ओळखता येतं.

आधी हा क्लच चालतो कसा ते पाहू. वेस्पाच्या घराण्यातल्या स्कूटरचा क्लच थेट क्रँकच्या टोकावर बसलेला असतो आणि गिअर ऑइलमध्ये भिजत फिरतो. कॉर्कच्या आणि स्टीलच्या प्लेटा एकाआड एक, आणि त्या दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा. तुम्ही हँडलवरचा लिव्हर दाबता, केबल खेचली जाते, इंजिनाखालच्या क्लच कव्हरवरची दांडी फिरते. त्या दांडीचा आतला भाग पितळेच्या एका बटणाला ढकलतो, बटण प्रेशर प्लेटला ढकलतं आणि स्प्रिंगा दबून प्लेटा मोकळ्या होतात. म्हणजे तुमच्या हाताचा जोर तीन ठिकाणांतून जातो: हँडलवरचा लिव्हर, केबल, आणि दांडीसकट क्लच. जडपणा यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी असू शकतो, आणि गेल्या महिन्यात बदलला गेला म्हणून क्लचच गुन्हेगार ठरत नाही.

आता लिव्हरची जात ओळखा. इंजिन बंद ठेवा, स्कूटर स्टँडवर घ्या आणि लिव्हर अगदी सावकाश दाबा, तितक्याच सावकाश सोडा. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच जोर लागत असेल आणि सोडल्यावर लिव्हर चटकन जागेवर येत असेल, तर स्प्रिंगा कडक आहेत. मध्येच अडकत, खरखरत जात असेल आणि सोडल्यावर आळसावून परत येत असेल, तर कुठेतरी घर्षण आहे. म्हणजे केबल, लिव्हरची खीळ किंवा दांडीचा शाफ्ट. अर्धा प्रवास हलका आणि शेवटी एकदम भिंत लागल्यासारखा होत असेल, तर एकतर दांडीचा कोन चुकलाय, नाहीतर स्प्रिंगांची वेटोळी एकमेकांना टेकताहेत. हे तीन प्रकार हाताला एकदा कळले की निम्मं निदान झालं.

आणखी एक परीक्षा खास याच स्कूटरींसाठी आहे, कारण यांचा क्लच लिव्हर गिअरच्या मुठीबरोबर फिरतो. न्यूट्रलमध्ये लिव्हर दाबून पाहा. मग स्कूटर मागेपुढे ढकलत मूठ चौथ्यापर्यंत न्या आणि पुन्हा दाबा. त्यानंतर हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून दाबा. क्लचच्या स्प्रिंगांना तुमचं हँडल कुठे वळलंय हे ठाऊक नसतं. त्यामुळे हँडल फिरवल्यावर जोर बदलला, तर दोष हँडल ते इंजिन यांच्यामधल्या केबलचाच. हेडलाइटच्या मागे गिअरच्या दोन केबली, ब्रेकची केबल आणि वायरिंग यांची जी गर्दी असते, तिथे क्लचचं आउटर दबलेलं किंवा पिळलेलं सापडतं.

यानंतरचं काम म्हणजे या लेखाचं शीर्षक. स्कूटरच्या डाव्या बाजूने खाली वाकून पाहा, मागच्या चाकाच्या पुढे क्लच कव्हर आणि त्यावरची दांडी दिसेल. अॅडजस्टर पूर्ण ढिला करा आणि केबलचं टोक दांडीतून मोकळं करा. आता वर जाऊन लिव्हर दाबा. क्लच जोडलेला नाही, त्यामुळे एका बोटाने लिव्हर पडला पाहिजे. हाताला जोर लागतोय? मग तुमचा नवा क्लच निर्दोष आहे. एका मदतनिसाला खालचं टोक धरून हलकं खेचायला सांगा आणि तुम्ही वर दाबत राहा. केबलमध्ये एखादी जागा करकरत असेल तर त्याच्या बोटांना लगेच कळेल.

उलट केबल लोण्यासारखी चालत असेल तर खाली या. दांडी पान्याने किंवा पक्कडने धरून हलवा. आधी थोडी मोकळी फिरेल, मग स्प्रिंगांचा जोर लागेल. मोकळ्या भागातच ती कुरकुरत असेल तर शाफ्ट गंजलाय. जोर लागल्यानंतर जड असेल, तरच क्लच उघडायचा विषय काढा.

ज्यांना अंदाजावर भागत नाही त्यांच्यासाठी एक युक्ती. मासळी तोलायचा हुकाचा ताणकाटा करंजा-मोऱ्याकडे कुणाकडेही मिळेल. त्याचा हुक लिव्हरच्या टोकाच्या गोळ्याजवळ अडकवा, सरळ मागे खेचा आणि लिव्हर मुठीला टेकताना किती किलो दिसतात ते लिहून ठेवा. केबल सोडून पुन्हा मोजा. जमल्यास मित्राच्या न छेडलेल्या स्कूटरवरही मोजा. काट्याचे हे तीन आकडे गॅरेजमध्ये तासभराचा वाद वाचवतात. फक्त काटा परत देताना पुसून द्या, ग्रीसचा वास आलेला काटा कोळीणबाई घेणार नाही.

उरणात केबलवर जास्त संशय घ्यायला कारणही आहे. तिन्ही बाजूंनी खाडी आणि समुद्र, आजूबाजूला मिठागरं, वर चार महिने पाऊस. शिवाय रस्त्यावर मासळीच्या टेम्पोतून खारं पाणी गळत असतं, ते चाकाने उडून नेमकं स्कूटरच्या पोटाखाली जातं. दांडीचा शाफ्ट आणि केबलचं खालचं तोंड ही दोन्ही तिथेच उघडी असतात. पुण्यात जी केबल निवांत चालते ती इथे तेवढी टिकेल असं धरून चालू नका. नवा क्लच टाकताना जुनीच केबल परत जोडलेली असेल, तर कडक स्प्रिंगांनी फक्त तिचं दुखणं उघडं केलेलं असतं. मऊ स्प्रिंगांवर गंजलेली केबल कशीबशी चालून जाते. जोर वाढला की वळणावळणावर इनर आउटरच्या भिंतीला घासतं आणि हाताचा अर्धा जोर वाटेतच खर्च होतो.

केबल तेल घालून सुधारते का? साधा गंज असेल तर हो. केबल काढा, एक टोक खिळ्याला टांगा, वरच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळ्यासारखा घट्ट बांधा. त्यात आधी थोडं रॉकेल किंवा डिझेल, आणि खालून लाल पाणी यायचं थांबलं की पातळ तेल ओतून रात्रभर ठेवा. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या नव्या केबलीत मात्र ग्रीस कोंबू नका, ते धूळ धरतं आणि काही महिन्यांत लापशी होते. इनरची एकजरी तार तुटलेली दिसली, विशेषतः निप्पलच्या मुळाशी, तर तेलाचे लाड न करता केबल बदला. तुटलेल्या तारेचं टोक आउटरला आतून कोरत जातं, आणि अशी केबल दगा देते ती नेमकी ट्रेलरच्या मागे.

नवी केबल घालताना जुनी नुसती ओढून काढू नका. जुन्या आउटरच्या टोकाला मजबूत दोरी बांधून मग काढा, म्हणजे फ्रेमच्या आतली मूळ वाट दोरीने धरून ठेवलेली असते, आणि त्याच दोरीने नवं आउटर ओढून घेता येतं. आउटरची दोन्ही टोकं आपापल्या टोपणात पूर्ण बसली आहेत ना, हे बोटाने दाबून पाहा. टोक अर्धवट बसलं असेल तर लिव्हरचा पहिला जोर आउटर दाबण्यातच जातो. मग क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून अॅडजस्टर आवळला जातो, आणि लिव्हर आणखी जड होतो. वरचं निप्पल लिव्हरच्या खाचेत फिरलं पाहिजे, तिथे ग्रीसचा एक ठिपका लावा. लिव्हरची खीळही फार आवळू नका. लिव्हर डुगडुगू नये, पण स्वतःच्या वजनाने हलावा, एवढाच ताण.

दांडीच्या शाफ्टचं काम त्याहून सोपं आहे. गंज उतरवणारं तेल मारून दांडी हलवत राहा. मोकळी झाली नाही तर कव्हर काढून शाफ्ट बाहेर घ्या, बारीक पॉलिश पेपरने साफ करा, ग्रीस लावून बसवा. त्यावरची छोटी ओ-रिंग बदलायला विसरू नका, तिची किंमत चहाएवढी आहे आणि तीच आत जाणारं खारं पाणी अडवते.

आता समजा, केबल निर्दोष आहे, शाफ्ट मोकळा आहे, तरी लिव्हर जड आहे. मग नव्या क्लचकडे वळावंच लागतं. आणि इथे थोडा इतिहास कामाला येतो.

बजाजने आकुर्डीला इटलीच्या पियाज्योबरोबर करार करून वेस्पा बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ मध्ये संपला, आणि १९७२ मध्ये चेतक आली. सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया ही त्याच घरातली. एलएमएलने मात्र पुढे १९८०च्या दशकात कानपूरला पियाज्योशी नव्याने हात मिळवला आणि तोवर पुढे गेलेली पीएक्स घराण्यातली वेस्पा आणली. म्हणजे आपल्या रस्त्यावर एकाच नावाच्या दोन पिढ्या धावल्या, आणि त्यांचे सुटे भाग दुकानात शेजारीशेजारी लटकतात. त्यात भर म्हणून सहा, सात आणि आठ स्प्रिंगांचे क्लच, वाढीव प्लेटेचे किट, परदेशी स्कूटरींसाठी बनवलेल्या कडक स्प्रिंगा. दिसायला सगळे भाऊ. एकात दुसऱ्याचा भाग बसतोसुद्धा. पण बसणं वेगळं आणि जमणं वेगळं.

न जमल्याची लक्षणं बघा. प्लेटांची थप्पी मूळ जाडीपेक्षा वाढली की स्प्रिंगा बसल्या जागीच जास्त दबलेल्या राहतात. लिव्हर दाबल्यावर पुढे दबायला जागा उरत नाही, आणि शेवटी ती भिंत लागते. नव्या स्प्रिंगांत दोन-तीन जुन्या मिसळल्या असतील तर प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते. मग लिव्हर जड तर लागतोच, वर क्लच नीट सुटत नाही आणि पहिला गिअर ‘खट्ट’ करून पडतो. पितळी बटण जुनंच असेल तर त्याच्या तोंडावर खळगा पडलेला असतो. जेवढा खळगा खोल, तेवढी दांडी जास्त फिरवावी लागते. आणि दांडीचा हिशेब असा, की केबल आणि दांडी एकमेकींशी काटकोनात असताना जोर सगळ्यात कमी लागतो. लिव्हर पूर्ण दाबल्यावर दांडी काटकोनाच्या बरीच पुढे जात असेल, तर ती ओढ तुमच्या मनगटातून वसूल होते. याचं निरीक्षण बाहेरूनच होतं. एकाने लिव्हर दाबायचा, दुसऱ्याने बॅटरी घेऊन खाली बघायचं.

लांब दांडी बसवून क्लच हलका करायचा सल्लाही कुणीतरी देतोच. हलका होतो, खोटं नाही. पण लिव्हरचा प्रवास तेवढाच राहतो, त्यामुळे आतलं बटण कमी सरकतं आणि प्लेटा अर्धवट सुटतात. हातातला जडपणा जाऊन गिअरमध्ये येतो.

क्लच उघडायचाच ठरलं तर घरच्या अंगणातही जमतं, घाई नसेल तर. पेट्रोलचा कॉक बंद करा, बॅटरी असेल तर काढा, गिअर ऑइल खालच्या नटातून काढून घ्या, मागचं चाक उतरवा. स्कूटर उजव्या बाजूला जुन्या गोणपाटावर आडवी करा. कव्हरचे बोल्ट काढले की पितळी बटण हातात येईल. ते उजेडात धरा: तोंड सपाट, चकचकीत आणि एकसारखं घासलेलं हवं. एका कडेला चंद्रकोरीसारखी घास असेल तर प्लेट तिरकी उचलली जातेय, पुढचा शोध स्प्रिंगांकडे घ्या.

क्लच क्रँकवरून काढायला खाचांच्या नटाचा वेगळा पाना लागतो. छिन्नी-हातोडीने तो नट फिरवणाऱ्याच्या हाती आपली स्कूटर देऊ नका. नट सोडण्याआधी क्लचखालच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबा, कारण क्लच सुटताना क्रँकवरची अर्धचंद्राची बारीक चावी, गॅरेजच्या भाषेत हाफमून, आत पडली तर पुढचा दिवस ती शोधण्यात जातो. क्लचचं किट सुटं करायला दाबयंत्र वापरा. कडक स्प्रिंगा पेचकसाने उसकटणं डोळ्याला धोक्याचं आहे.

सगळ्या स्प्रिंगा काचेवर उभ्या करून उंची बघा. एखादीही कमीजास्त असेल तर सगळाच सेट बदला. स्टीलच्या प्लेटाही काचेवर ठेवून डुलतात का ते पाहा, निळसर डाग असतील तर त्या तापलेल्या आहेत. कॉर्कच्या नव्या प्लेटा कोरड्या घालू नका, रात्रभर गिअर ऑइलमध्ये भिजवून मग घाला. बसवताना नटाखालच्या वॉशरची जीभ वळवून नट लॉक करा आणि कव्हरची गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी टाका.

ऑइलबद्दल दोन शब्द. या क्लचला साधं एसएई ३० मानवतं. कारसाठीचं महागडं, घर्षण कमी करणारं ऑइल घातलंत तर कॉर्क घसरतात. लेव्हलसाठी स्कूटर सरळ उभी धरा, भरायच्या भोकातून ऑइल पाझरायला लागलं की थांबा.

शेवटचं जुळवणं. लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळा प्ले हवा. तो शून्य ठेवून केबल ताणली की क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात, जळतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, “दादा, स्प्रिंगा जरा कडक टाकू, परत स्लिप नाय मारणार.”

बहुतेक जड क्लचांचा जन्म या वाक्यातून झालेला असतो. स्कूटर घसरत होती ती स्प्रिंगा कमजोर म्हणून नव्हे, तर कॉर्क झिजले म्हणून, ऑइल चुकीचं म्हणून किंवा केबल ताणलेली म्हणून. कडक स्प्रिंगांनी ते दुखणं काही काळ दाबलं जातं. पण तो वाढीव जोर फक्त तुमच्या हाताला सोसावा लागत नाही. क्लच क्रँकवरच बसलेला असल्याने लिव्हर दाबून ठेवला की क्रँक आडवा ढकलला जातो, आणि पितळी बटण व बेअरिंगं ते सोसत राहतात. म्हणून क्लच कडक असो वा मऊ, रांगेत उभं राहताना गिअर न्यूट्रलला आणा, लिव्हर दाबून बसू नका.

सिलिंडर मोठा केलेला असेल, इंजिनाची ताकद खरोखर वाढवलेली असेल, तर जबर क्लच हवाच. तेव्हाही आधी आठ स्प्रिंगांच्या क्लचचा विचार करा. ताण जास्त स्प्रिंगांत वाटला जात असल्याने तो सहसा हाताला बराच सुसह्य असतो, फक्त तो आपल्या इंजिनाच्या पोकळीत कुठे घासत नाही ना, हे फिरवून पाहिल्याशिवाय कव्हर लावू नका. पण मूळचीच दीडशे सीसीची स्कूटर, रोजची उरण-पनवेल फेरी, मागे एखादा माणूस आणि बाजाराची पिशवी, एवढंच काम असेल तर कंपनीच्या मापाच्या स्प्रिंगा, नवे कॉर्क, नवी केबल आणि योग्य ऑइल याहून जास्त काही लागत नाही. कडक स्प्रिंगा काढून टाका, मनात काही ठेवू नका.

केबलला तेल मृगाआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा द्या. दांडीच्या शाफ्टला त्याच दिवशी ग्रीस. आणि गॅरेजमध्ये क्लच उघडायला दिलात, तर काढलेल्या जुन्या स्प्रिंगा, प्लेटा आणि पितळी बटण पिशवीत घालून परत मागून घ्या. नवं किट जमलं नाही तर शेजारी धरून मोजायला तेच लागतात.